बीटची लिपस्टिक आणि मिसळीचा कट

बीटचा रस, खोबरेल आणि मेण एकत्र वितळवा, डबीत ओता, झाली ‘केमिकल-फ्री’ लिपस्टिक! अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर सारख्या फिरतायत. प्रत्यक्षात करून पाहिलं तर वर पिवळट मेण जमतं, तळाशी जांभळट-लाल रस साचतो आणि काही दिवसांत त्या रसावर बुरशी धरते. प्रमाण कितीही बदललं तरी हेच होणार, कारण बीटचा रंग तेलात विरघळतच नाही.

कोणता रंग विरघळतो, हे कोल्हापुरात रोज सकाळी समोर येतं. मिसळीवरचा कट बघा. मिरचीचा लाल रंग सगळा वरच्या तेलात उतरलेला असतो, खालचं पाणी त्यामानानं फिकं. तांबड्या रश्श्यावरचा तवंगही तसाच. याउलट बीटच्या कोशिंबिरीत दही गुलाबी होतं, पण फोडणीच्या तेलाचे थेंब आपला रंग सोडत नाहीत. खात्री करायची तर दोन वाट्यांत कोमट तेल घ्या. एकीत बीटच्या कोरड्या पुसलेल्या फोडी टाका, दुसरीत बेडगी मिरचीचे तुकडे. अर्ध्या तासानं मिरचीचं तेल केशरी-लाल झालेलं असेल, बीटचं तेल होतं तसंच.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋण आणि हायड्रोजनकडे किंचित धन भार असतो. त्यामुळे ज्या रेणूवर असेच भार असतील किंवा पाण्याशी हायड्रोजन बंध (हायड्रोजनमार्फत होणारी हलकी पकड) जुळवणारे गट असतील, त्याला पाणी सामावून घेतं. बीटमधला मुख्य रंग बीटानिन. त्याला एक ग्लुकोज जोडलेलं असतं, शिवाय तीन आम्लगट असतात. म्हणजे पाण्याला धरायला जागाच जागा. तेल मात्र कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचं, तिथे असे भार जवळपास नाहीतच. बीटानिनला तिथे थारा मिळत नाही. मिरचीतलं कॅप्सँथिन हे ४० कार्बनांचं लांबलचक रंगद्रव्य, म्हणून ते तेलात रमतं. (मिरचीचं तेल ओठांना लावायचा विचार मनात आणू नका. झोंबणारं कॅप्सेसिनही त्याच तेलात उतरतं.)

मग लाल रंग आणायचा कुठून? काष्ठौषधींच्या दुकानात रतनजोत मिळते. काळपट-जांभळी, साल सुटत जाणारी ही मुळी काश्मिरी रोगनजोशला लाल रंग देते. तिच्यातल्या रंगाचे दोन भाऊ आहेत, अल्कॅनिन आणि शिकोनिन. दोघे डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. या रेणूवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आहेत, म्हणजे खरं तर पाण्याची ओढ असायला हवी. पण मुख्य कड्यांवरचे दोन हायड्रॉक्सिल शेजारच्याच ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करून बसलेले असतात. घरातच हात गुंतलेले, पाण्याला द्यायला मोकळा हात उरत नाही. त्यात बाजूला सहा कार्बनांची शेपटी. म्हणून हा रंग तेलात सहज उतरतो. अल्कली, म्हणजे साबणासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, मिळाली की मात्र हेच हायड्रॉक्सिल आपला प्रोटॉन सोडतात, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि लाल रंग जांभळा, मग निळा होतो. रतनजोतीच्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर ओला साबण फिरवा, डाग जांभळट होताना दिसेल. रंग खरा आहे की दुकानदारानं दुसरंच मूळ दिलंय, हेही त्यातच कळतं.

इथे एक सावधगिरी. रतनजोत ज्या कुळातली आहे त्या कुळातल्या वनस्पतींत यकृताला घातक असणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडं सापडतात. ओठांवरचं थोडं थोडं पोटात जातंच. म्हणून रतनजोत गालांपुरती, अखंड त्वचेवरच ठेवावी, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं ती टाळावी. ओठांसाठी शेंद्रीच्या (अनाट्टो) बिया घ्याव्यात. त्यांच्यातलं बिक्सिन हे रंगद्रव्य तेलात उतरतं आणि शेंद्रीचा रंग खाद्यरंग म्हणून आपल्याकडे मान्य आहे. रंग केशरीकडे झुकतो, गडद लालीची अपेक्षा ठेवू नये.

कृती दोन्हींची सारखी. १५ ग्रॅम एरंडेल आणि १० ग्रॅम खोबरेल कोरड्या काचेच्या भांड्यात घ्या. त्यात ५ ग्रॅम शेंद्रीच्या बिया किंवा २ ग्रॅम रतनजोतीचे तुकडे टाका. शेंद्रीचा रंग बियांच्या वरच्या थरात असतो, त्यामुळे बिया कुटू नयेत. कुटल्या तर नुसता गाळ वाढतो. भांडं गरम पाण्यात ठेवून तेल ६० ते ७० अंशांवर ४० मिनिटं राहू द्या, मधूनमधून ढवळा. थेट गॅसवर ठेवू नका. जास्त तापलं की बिक्सिन मोडतं आणि तेल पिवळं पडतं. मग सुती कापडाच्या दोन घड्यांतून गाळा.

या रंगीत तेलातलं १० ग्रॅम, कोकमतेल ५ ग्रॅम, मधमाश्यांचं मेण ३ ग्रॅम. कोकमतेल सुमारे ४० अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यातही डबी पातळ होत नाही. मेण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पाटगावसारख्या मधाच्या गावाकडून मिळू शकतं. फक्त वनस्पतीजन्यच हवं असेल तर २ ग्रॅम कँडेलिला मेण पुरतं, ते जास्त कडक असतं. आधी मेण वितळवा, मग कोकमतेल, शेवटी रंगीत तेल. सगळं एकजीव झाल्यावर आणखी १० मिनिटं गरम ठेवा, कोरड्या डबीत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. रेंगाळत थंड झालं तर कोकमतेलाचे मोठे स्फटिक बनतात आणि लावताना रवाळ लागतं. तसं झालंच तर पुन्हा पूर्ण वितळवून झटकन गार करा, माल वाया जात नाही.

पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये. निव्वळ तेल-मेणात जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही, म्हणून परिरक्षक लागत नाही. ओलं बोट डबीत घातलं की हे गणित बिघडतं. ई जीवनसत्त्वाचे दोन-तीन थेंब तेल खवट होणं लांबवतात, बुरशी थांबवत नाहीत. ही गल्लत फार होते.

बीटही वाया घालवू नका. चकत्या सावलीत कडक वाळवून वस्त्रगाळ पूड करा आणि तिप्पट आरारूटात मिसळा, गालांवर पावडर म्हणून छान लागते. हवेतला ओलावा ती लगेच ओढते, पावसाळ्यात गोळे होतात, तेव्हा घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडीच करावी. बीट चोळल्यानं ‘ओठांत रक्त वाढतं’ म्हणतात, त्यात तथ्य नाही. तो वरवरचा डाग असतो, धुतला की जातो. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्याला लिंबू लावून उन्हात जाणं तर धोक्याचं. लिंबातली फ्युरानोकुमरिनं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. शेंदूरही वनस्पतीचा नव्हे, तो शिशाचा ऑक्साइड. ओठ-गालांपासून लांबच ठेवावा.

नवी डबी वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. रतनजोतीची लाली काढताना आधी साबण लावला तर गाल जांभळट दिसतील. आधी खोबरेल चोळून कापसानं पुसा, रंग तेलाबरोबर निघून येतो, मग चेहरा धुवा.