अलिबागच्या नोंदी आणि बाइटांचा क्रम : बायनरी संख्यांच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागल्यावर कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. कागदावर उमटलेली त्या काळची वक्ररेषा कोणत्याही जाणकाराला वाचता येते. संगणकातील बायनरी फाइलीचे तसे नाही. १९०४ हीच संख्या दोन बाइटांत (बिट म्हणजे ० किंवा १, आणि बाइट म्हणजे आज आठ बिटांचा गट) लिहिली, तर ७ आणि ११२ हे दोन बाइट मिळतात (७ × २५६ + ११२). वाचणाऱ्या यंत्राने तेच उलट क्रमाने घेतले, तर २८६७९ ही संख्या तयार होते आणि काही बिघडल्याची सूचना कोणीही देत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांत तर बाइटच्या आकारावरही एकमत नव्हते. कुलाब्याच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या टिफ्रॅक संगणकाचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा बिटांचा गट, ४० बिटांचा होता, तर १९६४ मध्ये तेथे आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाचा शब्द ४८ बिटांचा असून ऋण संख्या लिहिण्यासाठी त्यात प्रत्येक बिट उलटवला जात असे. अशा दोन यंत्रांमध्ये स्मृतीतील बिट जसेच्या तसे नेण्याला अर्थच नव्हता. आकडे अक्षररूपाने कार्डांवर छिद्रित करणे हाच सोयीचा मार्ग होता.

त्याच १९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली आणि आठ बिटांचा बाइट हळूहळू सर्वमान्य झाला, मात्र बाइटांचा क्रम झाला नाही. आयबीएम मोठा बाइट, म्हणजे संख्येतील मोठ्या स्थानांचा भाग, आधी ठेवत असे. १९७० च्या डेटापॉइंट २२०० या टर्मिनलमध्ये प्रक्रिया एकेका बिटाने चाले आणि बेरजेतील हातचा लहान स्थानाकडून मोठ्याकडे जात असल्याने लहान बाइट आधी ठेवणे तेथे स्वाभाविक होते. त्याच यंत्रासाठी आखलेल्या इंटेल ८००८ या प्रोसेसरने हा क्रम घेतला, १९७८ च्या ८०८६ ने तो पुढे चालवला आणि आजच्या बहुतेक पीसींमध्ये तोच आहे. कारण केव्हाच संपले, क्रम तेवढा उरला. ८०८६ नंतर वर्षभराने, १९७९ मध्ये आलेल्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरने नेमका उलट मार्ग धरला. डेक कंपनीच्या पीडीपी-११ संगणकाची गोष्ट आणखी विचित्र : शब्दाच्या आत लहान बाइट आधी, पण ३२ बिटांच्या संख्येत मोठा शब्द आधी.

या वादाला नावे दिली ती संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८० च्या टिपणात. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ कादंबरीतील अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे पक्ष उचलून त्यांनी ‘बिग-एंडियन’ (मोठा बाइट आधी) आणि ‘लिटल-एंडियन’ (लहान बाइट आधी) या संज्ञा रूढ केल्या. कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांनी एकच निवडणे महत्त्वाचे, हे त्यांचे म्हणणे होते. १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलने मोठा बाइट आधी हा क्रम ठरवला. १९८७ मध्ये सन कंपनीच्या एक्सडीआर या माहितीच्या देवाणघेवाणीच्या संकेताने पूर्णांकांसाठी तोच क्रम घेऊन प्रत्येक घटक चार बाइटांच्या पटीत बांधला. लहान बाइट आधी ठेवणारी दोन यंत्रे आपसात बोलताना दोघांनाही विनाकारण उलटापालट करावी लागते, ही त्यावरची टीका खरी आहे, पण ती किंमत मला क्षुल्लक वाटते.

अंक आणि घातांक अशा दोन भागांत ठेवल्या जाणाऱ्या दशांश संख्यांचे दुखणे वेगळे होते, कारण आयबीएमचे घातांक १६ च्या पायावर होते आणि डेकच्याच व्हॅक्स संगणकांची मांडणी स्वतंत्र होती. अभियंत्यांच्या आयईईई संस्थेच्या १९८५ च्या ७५४ मानकाने बिटांचा अर्थ निश्चित केला, पण बाइटांचा क्रम त्यानेही सांगितला नाही. हवामान अंदाजाच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रिब स्वरूपाच्या पहिल्या आवृत्तीत संदर्भ मूल्य (ज्यात भर घालून बाकीची मूल्ये काढतात ते) आयबीएमच्या पद्धतीने लिहिले जाई, दुसरीत ते आयईईईचे झाले.

प्रोग्रामरांमध्ये रुळलेला उपाय असा की, आपले यंत्र कोणत्या क्रमाचे आहे हे विचारूच नये : फाइलीचा क्रम आधी ठरवावा आणि प्रत्येक बाइट त्याच्या स्थानी सरकवून बेरजेने संख्या बांधावी. सी या प्रोग्रामिंग भाषेतील संरचना (एकत्र बांधलेल्या अनेक मूल्यांचा गट) थेट फाइलीत ओतली, तर क्रमाबरोबर पूर्णांकाची लांबी आणि कंपायलरने (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मध्ये भरलेले रिकामे बाइटही सोबत जातात. कोकणासमोरच्या अरबी समुद्रातील आर्गो तरंड्यांची (समुद्राचे तापमान व क्षारता मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणांची) मापने ज्या नेटसीडीएफ स्वरूपात वाटली जातात, त्याची अभिजात आवृत्ती मोठा बाइट आधी ठेवते, त्यामुळे आजचा जवळजवळ प्रत्येक पीसी ती वाचताना बाइट उलटवतो. २००८ मध्ये आलेल्या, एचडीएफ५ या फाइल स्वरूपावर आधारलेल्या आवृत्तीत क्रमाची नोंद फाइलीतच असते आणि गरज असेल तरच उलटापालट होते.