आधी हॉल, मग घरं : निवृत्तांच्या हिवाळी पार्कांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर संपत आला की मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि सीमेपलीकडच्या, कॅनडातल्या मॅनिटोबा-ओंटारिओतून गाड्या दक्षिणेकडे निघतात. चालवणारे बहुतेक साठी-सत्तरीपुढचे. कुणी फ्लोरिडाला जातं, कुणी ॲरिझोनाच्या वाळवंटात, तर कुणी टेक्सासच्या अगदी टोकाला, मेक्सिकोला खेटून असलेल्या रिओ ग्रांदे खोऱ्यात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम, मग परत. अमेरिकेत यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. रिओ ग्रांदे खोऱ्यात मात्र ‘विंटर टेक्सन’ हे मानाचं नाव आहे. ज्या वसाहतीत ते राहतात तिला म्हणतात ‘पार्क’.

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या मंडळींकडून आपण या वसाहतींबद्दल ऐकतो, आणि डोळ्यांसमोर गोल्फ खेळणारे धनिक आजोबा येतात. या चित्राने मूळ गोष्ट झाकून टाकली आहे. पार्कांची सुरुवात श्रीमंतांनी केलेली नाही. आणि तिथलं सामुदायिक जीवन, ज्याची आज रंगीत माहितीपत्रकं छापली जातात, ते कुणा बिल्डरने बांधून दिलेलं नाही. राहणाऱ्यांनी ते आधी स्वतः उभं केलं. विकणारे नंतर आले. हा क्रम कळला की बाकी सगळं नीट दिसतं.

पार्कातल्या घराचं माप बघा. ‘पार्क मॉडेल’ म्हणून जे चाकांवरचं घर मिळतं ते साधारण 400 चौरस फुटांपर्यंतचं असतं, म्हणजे पुण्या-मुंबईतला लहानसा वन बीएचके. त्याला पुढे जाळीची किंवा काचेची एक खोली जोडतात; ॲरिझोनात तिला ‘ॲरिझोना रूम’ म्हणतात, फ्लोरिडात ‘फ्लोरिडा रूम’. एवढ्या जागेत दोन माणसं पाच महिने दिवसभर बसून राहू शकत नाहीत. म्हणून ती बाहेर पडतात. चाळीत खोल्या लहान होत्या म्हणून गॅलरी आणि पटांगण हेच दिवाणखाने झाले, तसंच इथे झालं. पार्कातला हॉल हा खरं तर सगळ्यांचा मिळून एक दिवाणखाना आहे.

त्या हॉलच्या दाराशी जानेवारीतला फलक वाचावा. सकाळी कॉफी आणि डोनट, त्याच वेळी घोषणा : कोण आजारी आहे, कुणाला विमानतळावर सोडायचं आहे, कुणाची नातवंडं आली आहेत. मग रजया शिवणाऱ्या बायकांचा गट, लाकूडकामाची शेड, पत्ते, बिंगो, संध्याकाळी लाइन डान्स. एखाद्या दुपारी जॅम सेशन : गिटार, फिडल, अकॉर्डियन घेऊन ज्याला वाटेल त्याने यावं. शनिवारी पॅनकेकची न्याहारी, आणि अधूनमधून पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. यातलं बहुतेक काम पगारी माणसं करत नाहीत. पॅनकेक उलटणारा गृहस्थ आयुष्यभर दुधाच्या गाई सांभाळत आलेला असू शकतो आणि हिशेब ठेवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका.

हे सगळं कुठून आलं, ते शोधत गेलं की एक धागा सेंट पीटर्सबर्गला पोचतो. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तरेची माणसं हिवाळा काढायला येत. नोएल मिचेल नावाच्या जमीन-दलालाने 1908 च्या सुमारास आपल्या कचेरीबाहेर बाकं मांडली, दमलेल्या पाहुण्यांना टेकायला. बाकांवर माणसं बसली, गप्पा झाल्या, आणि बघता बघता सगळ्या दुकानदारांनी बाकं मांडली. 1916 मध्ये शहराने ती एका मापाची आणि हिरव्या रंगाची असावीत असा नियम केला. हिरवी बाकं ही शहराची ओळख झाली. याच शहरात ‘ओहायोवाले’, ‘इलिनॉयवाले’ अशी राज्याराज्यांची मंडळं निघाली आणि त्यांच्या सहली होऊ लागल्या. परगावी गेलेल्या मराठी माणसाला या गोष्टीचं नवल वाटणार नाही.

पण हेही सांगायला हवं की त्या हिरव्या बाकांवर कृष्णवर्णीयांना बसायची मुभा नव्हती. ‘या, बसा’ म्हणणारं ते बाक सगळ्यांसाठी नव्हतंच. पार्कांच्या इतिहासातली ही बाजू माहितीपत्रकांत सापडत नाही, आणि ती वगळून केलेलं कौतुक मला अपुरं वाटतं.

शफलबोर्ड याच किनाऱ्यांवर रुजला. मूळचा हा जहाजाच्या डेकवरचा खेळ. 1913 मध्ये तो डेटोना बीचला जमिनीवर आला. सेंट पीटर्सबर्गचा क्लब 1924 चा, आणि पुढे त्याची कोर्टं शंभरावर गेली. सिमेंटचा गुळगुळीत पट्टा, 52 फूट लांब आणि 6 फूट रुंद. दोन्ही टोकांना त्रिकोण, त्यात 10, 8 आणि 7 चे घर. लांब दांडीने सहा इंची चकती ढकलायची, प्रत्येकाच्या चार, एकाच्या पिवळ्या तर दुसऱ्याच्या काळ्या. चकती रेषेला टेकली तरी गुण नाही. त्रिकोणाच्या पायथ्याशी एक पट्टा असतो, ‘किचन’. तिथे चकती अडकली तर दहा गुण वजा. सगळी गंमत इथे आहे : स्वतःला गुण मिळवण्यापेक्षा समोरच्याची चकती हळूच किचनमध्ये ढकलून देण्यात जास्त कस लागतो. धावावं लागत नाही, उडी मारावी लागत नाही, ऐंशीव्या वर्षी पन्नाशीच्या माणसाला हरवता येतं, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये भरपूर बोलता येतं. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून त्याची टर उडवली जाते. मला तो अतिशय शहाणपणाने निवडलेला खेळ वाटतो.

दुसरा धागा रस्त्यावरचा. पहिलं महायुद्ध संपलं, फोर्डची मॉडेल टी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली, आणि उत्तरेची माणसं गाडीवर तंबू लादून फ्लोरिडाला येऊ लागली. 1919 मध्ये टँपाच्या डी सोटो पार्कात अशा मुक्कामी मंडळींनी एक संघटना काढली : टिन कॅन टूरिस्ट्स. डबाबंद अन्न खाणारे म्हणून ‘टिन कॅन’. खूण म्हणून गाडीच्या रेडिएटरवर पत्र्याचा डबा डकवायचा. स्थानिक दुकानदार कुरकुरत : हे लोक एक सदरा आणि एक नोट घेऊन येतात, आणि हिवाळाभर दोन्हीपैकी काहीच बदलत नाहीत. या लोकांनी आपल्या तळाचे नियम स्वतः केले. तळ स्वच्छ ठेवायचा, शेजाऱ्याला मदत करायची, करमणूक सभ्य असावी. पदाधिकारी निवडले, हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं संमेलन ठरवलं. डोक्यावर कापडी तंबू होता, पण समिती मात्र पक्की होती.

तिसाच्या दशकात ट्रेलर कारखान्यात बनू लागले आणि शहरांना या पाहुण्यांमध्ये उत्पन्न दिसू लागलं. सारासोटाने पेन पार्कजवळ त्यांची सोय केली. ब्रेडेंटनला 1936 मध्ये किवानीस क्लब या सेवाभावी संस्थेने ट्रेलर पार्क काढला. जगातला सर्वांत मोठा अशी त्याची ख्याती होती. मंदीचा काळ होता तो. घर चाकांवर, शेजारी मात्र दरवर्षी तेच.

तरी तोवर हे थोड्यांचं सुख होतं. ते अनेकांचं झालं त्याला कारण पेन्शन. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा कायदा 1935 चा, आणि पहिला मासिक धनादेश निघाला जानेवारी 1940 मध्ये, 22 डॉलर 54 सेंटचा. पुढे मोटार कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी 1949-50 च्या सुमारास कंपन्यांकडून निवृत्तिवेतन मिळवलं. डेट्रॉइटच्या फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेला कामगार आता हिवाळ्यात बर्फ उपसण्याऐवजी दक्षिणेला जाण्याचा विचार करू शकत होता. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले, 1965 मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आला. पार्कांची वाढ ही कामगारांच्या लढ्याची आणि सरकारी धोरणाची फळं आहेत. हवामान हे फक्त निमित्त.

दरम्यान ट्रेलरही बदलला. आठ फुटी रुंदीचा होता तो 1950 च्या दशकाच्या मध्यावर दहा फुटी झाला, आणि मग तो सहज ओढून नेणं अवघड झालं. चाकं राहिली, पण घर हलेना. शेजारच कायमचा झाला म्हटल्यावर हॉलही पक्क्या भिंतींचा झाला.

ॲरिझोनात बेन श्लायफरने 1954 मध्ये यंगटाउन वसवलं, वृद्धांनी वृद्धांसोबत राहायचं या कल्पनेवर. घरं साधी, गोल्फबिल्फ काही नाही. निवृत्तांची मोठी संघटना एएआरपी हिची पहिली शाखा इथलीच. यंगटाउनच्या शेजारी डेल वेब या बड्या बांधकाम व्यावसायिकाने सन सिटी बांधली. नातवंडांपासून दूर म्हातारी माणसं राहायला येणार नाहीत, असं जाणकार सांगत होते. वेबने एक गोष्ट अचूक हेरली : त्याने विक्रीआधीच गोल्फ कोर्स, करमणूक केंद्र आणि दुकानं बांधून तयार ठेवली. 1 जानेवारी 1960 ला दारं उघडली, तीन दिवसांत लाखभर माणसं बघून गेली, 237 घरं विकली गेली. सर्वांत स्वस्त घर साडेआठ हजार डॉलरच्या आसपास होतं.

तंबूतल्या लोकांनी चाळीस वर्षं जे जमवत आणलं होतं, ते वेबने आयतं बांधून विक्रीला ठेवलं. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्यामुळे लाखो लोकांना ते मिळालं. पण हॉल बांधून देता येतो, त्यात रजया शिवायला बसणाऱ्या बायका बांधून देता येत नाहीत. सन सिटीतही अखेर क्लब रहिवाशांनीच चालवले, आणि आजही ती नगरपालिका नाही. गावाचा बराच गाडा स्वयंसेवक ओढतात.

रिओ ग्रांदे खोऱ्याची चाल वेगळी. मॅकॲलन, मिशन, वेस्लाको, हार्लिंजन हा सगळा लाल ग्रेपफ्रूटच्या बागांचा पट्टा. 1983 आणि 1989 च्या डिसेंबरातल्या हिमलाटांनी बागा जळून गेल्या. कित्येक ठिकाणी जुन्या बागांच्या जमिनीवर पार्क उभे राहिले. इथे येणारे मुख्यतः मिडवेस्टचे शेतकरी आणि छोट्या गावांतली माणसं, म्हणून इथलं वळणही त्यांच्या गावाकडच्या चर्चमधल्या जेवणावळीसारखं. स्क्वेअर डान्सचं वेड इतकं की मॅकॲलन त्याची राजधानी म्हणवून घेऊ लागलं. औषधं आणि दातांची कामं करायला पूल ओलांडून मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोला जायचं, ही फेरीदेखील गटानेच.

कायद्यानेही एक काळ हॉलला महत्त्व दिलं. घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात 1988 मध्ये झालेल्या दुरुस्तीने घर देताना मुलाबाळांच्या कुटुंबांना नाकारणं बेकायदा ठरलं. पंचावन्नच्या पुढच्यांच्या वसाहतींना सूट मिळाली, पण वृद्धांसाठी खास सोयी-सुविधा असतील तरच. म्हणजे पार्काला वयाची अट टिकवायची तर तिथे काहीतरी घडत असावं लागे. 1995 च्या कायद्याने सुविधांची अट काढली. किमान 80 टक्के घरांत एक जण तरी पंचावन्नचा किंवा त्यापुढचा हवा, एवढं ठेवलं. या नियमाला दुखरी बाजू आहे. यंगटाउनमध्ये आजीआजोबांनी घरच्या जाचातून आलेल्या किशोरवयीन नातवाला ठेवून घेतलं आणि गावाने त्यांच्यावर बडगा उगारला. प्रकरण वाढलं, आणि 1998 मध्ये यंगटाउनची वयाची अटच गेली. त्या आजीआजोबांच्या बाजूनेच माझं मन आहे.

आता शफलबोर्डची कोर्टं ओस पडत चालली आहेत, काही ठिकाणी त्यांच्यावर पिकलबॉलची, म्हणजे छोट्या बॅटने जाळीवरून प्लास्टिकचा चेंडू टोलवायच्या खेळाची, आखणी झाली आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर 1965 मध्ये हा खेळ जन्मला, तो घरामागच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. म्हणून त्याचं कोर्ट आजही 20 बाय 44 फूट, बॅडमिंटनच्या दुहेरीएवढंच. आणि बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीत घडले. इंग्लंडात तो खेळ काही काळ ‘पूना’ म्हणूनच ओळखला जाई. जाळीजवळच्या पट्ट्याला पिकलबॉलमध्येही ‘किचन’ म्हणतात. तो शब्द शफलबोर्डातून आला असं पुष्कळ जण मानतात. हा खेळ देशभर पसरवण्यात ॲरिझोना-फ्लोरिडातल्या निवृत्तांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय संघटनेची सर्व वयांसाठीची पहिली स्पर्धा 2009 मध्ये ॲरिझोनातल्या बकाय गावी झाली.

1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेला गेलेली भारतीय पिढी आता याच वयात आहे, त्यात मराठी माणसंही आली. फ्लोरिडातल्या टव्हारेसला भारतीय निवृत्तांसाठी ‘शांतिनिकेतन’ ही वसाहत उभी राहिली, भारतीय जेवण आणि प्रार्थनेच्या खोलीसह. माणसं वेगळी, जेवण वेगळं, पण मधोमध तोच हॉल.

पार्कांना आज धोका आहे तो जमिनीच्या भावाचा आणि वादळांचा. घर आपलं पण जागा भाड्याची, त्यामुळे मालक बदलला की भाडं वाढतं. फ्लोरिडात काही ठिकाणी रहिवाशांनीच वर्गणी काढून पार्क विकत घेतले. 2022 च्या सप्टेंबरात इयान वादळाने फोर्ट मायर्स बीचवरचे पार्क धुऊन नेले. कॅनडाच्या मंडळींना अमेरिकेतल्या मुक्कामाचा, वर्षात 182 दिवसांचा हिशेब सांभाळावा लागतो, आणि 2020 मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली तेव्हा कित्येक घरं हिवाळाभर कुलुपात राहिली.

एप्रिलमध्ये निघायच्या आधी हॉलमध्ये शेवटची न्याहारी होते. खुर्च्या एकावर एक रचतात, मोठा फ्रिज रिकामा करतात, उरलेलं पीठ-साखर उन्हाळ्यातही राहणाऱ्या चार-सहा घरांत वाटतात. त्यांच्याकडेच किल्ल्याही देतात : आठवड्यातून एकदा नळ सोडून बघा, आणि लिंबाला पाणी घाला.