रेनकोटवर लिहिलेलं नाव

अमेरिकेतल्या दोन कीटकशास्त्रज्ञांनी २००० साली एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्जेंटाइन मुंग्यांच्या एकाच वसाहतीतल्या काही मुंग्या वेगळ्या ठेवून त्यांना तपकिरी पट्ट्यांच्या झुरळांचा खुराक दिला. पुढे त्यांची घरच्यांशी गाठ घालून दिली, तर घरच्याच मुंग्या त्यांच्यावर तुटून पडल्या. ना रंग बदलला होता, ना चाल. बदललं होतं ते अंगावरचं मेण. त्यात झुरळाच्या मेणाची भेसळ झाली होती, आणि मुंगीच्या लेखी मेण बदललं की मुंगीच बदलली.

कीटकांच्या कवचावर मेणासारखा एक अतिशय पातळ थर असतो. त्यातला मोठा भाग हायड्रोकार्बनचा, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचा. एकेका साखळीत साधारण २० ते ४० कार्बन. मेणबत्तीतलं पॅराफिन याच कुळातलं. या थराचं मूळ काम पाणी राखणं. इवल्याशा जिवाला आकारमानाच्या मानाने कातडी फार, त्यामुळे हा थर पुसून टाकला तर कोरड्या हवेत कीटक बघता बघता सुकून मरतो. उलटा रेनकोटच म्हणा, आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून घातलेला.

आता साखळी लांब की आखूड, सरळ की दुहेरी बंधामुळे वाकलेली, तिला बाजूला फाटा फुटलाय की नाही, अशा फरकांमुळे एकाच मुंगीच्या अंगावर डझनावारी हायड्रोकार्बन सापडतात. गोडा मसाला घरोघरी जवळपास त्याच जिनसांचा, पण प्रमाणावरून आपल्या घरचा बरोबर ओळखू येतो, तसंच हे. हे रेणू जड असल्याने हवेत फारसे पसरत नाहीत. म्हणून तर भिंतीवरच्या रांगेत समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबून एकमेकींना मिशा लावून वास घेतात. लहानपणी आम्हाला त्या कानगोष्टी वाटायच्या.

हा मसाला तयार करतात इनोसाइट नावाच्या पेशी. मुंग्या मात्र तो स्वतःपुरता ठेवत नाहीत. एकमेकींना चाटताना, तोंडातून अन्न भरवताना तो घशाजवळच्या एका ग्रंथीत जमतो, मिसळतो आणि साऱ्या घराचा मिळून एक वास होतो.

या पेशीच नसल्या तर? केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाश्यांमधल्या या पेशी शास्त्रज्ञांनी नष्ट करून पाहिल्या. २००९ साली तो निष्कर्ष आला. बिनवासाच्या माशीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही असं वाटेल, पण नर त्या माद्यांच्या मागे लागलेच, बिनवासाच्या नरांच्याही मागे लागले. इतकंच काय, दुसऱ्या जातीचे नरसुद्धा हजर! म्हणजे यातले काही वास ‘ये’ म्हणण्यासाठी नसून ‘तू नव्हेस’ म्हणण्यासाठी आहेत.

मला सर्वांत आवडतो तो मायकल ग्रीन आणि डेबोरा गॉर्डन यांचा काचेच्या मण्यांचा प्रयोग. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बिया गोळा करणाऱ्या मुंग्या राहतात. सकाळी आधी गस्तवाल्या बाहेर पडतात, त्या सुखरूप परतल्या की मगच बिया आणणाऱ्या निघतात. बाहेर उन्हात हिंडणाऱ्या मुंगीच्या मेणात सरळ साखळ्यांचं प्रमाण वाढतं, त्यामुळे कोण काय काम करते हेही वासावरून कळतं. या दोघांनी गस्तवाल्यांना अडवलं आणि त्यांचं मेण फासलेले मणी बिळात टाकले. साधारण दर १० सेकंदांना एक मणी पडू लागला, आणि बियावाल्या कामाला निघाल्या. डोकं नाही, पाय नाहीत, नुसता वास लावलेली काच! तरी गस्त परतली असंच त्यांनी धरलं.

माणसानेही रेनकोटवरचं हे नाव वाचायला घेतलं. आफ्रिकेत हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासांच्या काही जाती सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात. १९८० साली त्यांतल्या दोन जाती अंगावरच्या हायड्रोकार्बनवरून वेगळ्या ओळखून दाखवल्या गेल्या. पुढे डीएनएची चाचणी सोपी झाली आणि ही पद्धत मागे पडली.

जिथे ओळखपत्र, तिथे बनावट ओळखपत्रही आलंच. आंब्याची पानं जोडून घरटं करणारे, कोकणात चावून हैराण करणारे ओंबील, म्हणजेच हुमले, ऑस्ट्रेलियातही आहेत. तिथे त्यांच्या घरट्यांत एक उड्या मारणारा कोळी बिनदिक्कत वावरतो. लहान कामकरी मुंग्यांच्या जबड्यातल्या अळ्या तो हातोहात पळवतो आणि खातो. त्या अळ्यांतूनच त्या घराचं मेण त्याच्या अंगावर येतं. झुरळांच्या खुराकाने मुंगी घरच्यांना परकी झाली होती, हा घरातली पोरं खाऊन घरचा होतो. पण हे सोंग त्या एका घरापुरतंच चालतं. दुसऱ्या घरट्यातले ओंबील समोर आले की कोळी पळायची वाट शोधू लागतो.