'डोन्ट गिव्ह अप ऑन मी': सॉलोमन बर्क यांच्या उतारवयातल्या अल्बममागची पन्नास वर्षं

२००२ च्या उन्हाळ्यात 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' हा अल्बम आला, तेव्हा अमेरिकन सोल गायक सॉलोमन बर्क यांनी साठी ओलांडली होती. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूजची जी वेगळी यादी असे, तीत अव्वल क्रमांकावर पोचलेलं त्यांचं एकमेव गाणं १९६५ सालचं. मधल्या काळात सोल संगीताची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांतून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून घडलेल्या गायकीची, एक अख्खी पिढी आली, गाजली आणि मागे पडली. तरी हा अल्बम आला आणि बर्क हे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झालं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, विशी-पंचविशीतली मुलं त्यांच्या मैफिलींना येऊ लागली, आणि पुढच्याच वर्षी आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी हाती आलं.

बहुतेकांनी या घटनेला 'पुनरागमन' म्हटलं. मला ते पटत नाही. पुनरागमन म्हणायला माणूस आधी कुठे तरी गेलेला असावा लागतो. बर्क यांचं गाणं एक दिवसही थांबलं नव्हतं. ते चर्चमध्ये गात होते, आणि या अल्बमचा आवाज नेमका त्या चर्चमधून आलेला आहे.

बर्क फिलाडेल्फियाचे. जन्मसाल बहुतेक ठिकाणी १९४० दिलेलं आढळतं. आजी मोठी भाविक होती. नातू जन्माला येण्याआधीच तिला त्याच्याविषयी दृष्टांत झाला होता आणि त्याच्यासाठी तिने घरातच चर्च स्थापन केलं, असं कुटुंबात सांगत. सातव्या वर्षी हा मुलगा व्यासपीठावरून प्रवचन देऊ लागला. 'वंडर बॉय प्रीचर' म्हणून त्याची ख्याती झाली, रेडिओवरूनही त्याची प्रवचनं लागत. गाणं त्या प्रवचनाचाच भाग होतं. आपल्याकडे कीर्तनकार निरूपण करता करता अभंगात शिरतो आणि अभंगातून पुन्हा निरूपणाकडे येतो, त्याला कुणी 'आता गाणं सुरू झालं' असं सांगावं लागत नाही. बर्क यांच्या गाण्यात बोलणं आणि गाणं यांतला सांधा तसाच अलगद आहे. साठच्या दशकातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हे जाणवतं. २००२ च्या अल्बममध्ये तर सगळा डोलाराच त्याच्यावर उभा आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका १९५५ ची, अपोलो या न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी. पैशांवरून वाद झाला आणि ते नातं संपलं. नंतरचा काही काळ अक्षरशः रस्त्यावर काढल्याचं ते मुलाखतींत सांगत. पुढे अंत्यविधीच्या व्यवसायाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि तो व्यवसाय आयुष्यभर गाण्याच्या जोडीने चालवला. १९६० च्या अखेरीस अटलांटिक रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केलं. गायक रे चार्ल्स आदल्याच वर्षी अटलांटिक सोडून गेले होते आणि निर्माते जेरी वेक्सलर त्या तोडीच्या आवाजाच्या शोधात होते.

अटलांटिकवर त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं चक्क कंट्री शैलीतलं: 'जस्ट आउट ऑफ रीच', १९६१. कृष्णवर्णीय गायकाने गोऱ्यांचं मानलं जाणारं गाणं गावं, हे तेव्हा धाडसाचं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक श्रोत्यांना रेडिओवर ऐकून हा गायक गोरा वाटला. मिसिसिपीत एका कार्यक्रमाला गेलो तर समोर पांढऱ्या कफन्यांतली कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची मंडळी बसलेली, ही हकीकत बर्क स्वतः रंगवून सांगत. मग 'क्राय टू मी' (१९६२), 'इफ यू नीड मी' (१९६३), 'एव्हरीबडी नीड्स समबडी टू लव्ह' (१९६४) आणि १९६५ चं 'गॉट टू गेट यू ऑफ माय माइंड'. सोल गायक सॅम कुक यांच्या मृत्यूची बातमी कळली त्या रात्री हे गाणं सुचल्याचं बर्क सांगत. ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. १९६४ साली बाल्टिमोरमध्ये एका रेडिओ निवेदकाने त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवून 'किंग ऑफ रॉक अँड सोल' ही पदवी दिली. तेव्हापासून मुकुट, झगा आणि सिंहासन त्यांच्या मैफिलीत कायमचे आले.

एवढं असूनही अमेरिकेच्या सर्वसाधारण पॉप यादीत त्यांचं एकही गाणं पहिल्या विसांत पोचलं नाही. त्यांची गाणी इतरांच्या तोंडून जगभर गेली. रोलिंग स्टोन्सने १९६४-६५ मध्ये त्यांची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. 'एव्हरीबडी नीड्स समबडी टू लव्ह' पुढे १९८० च्या 'द ब्लूज ब्रदर्स' चित्रपटातून घरोघरी पोचलं. १९८७ च्या 'डर्टी डान्सिंग'मध्ये 'क्राय टू मी' वाजलं ते मात्र बर्क यांच्याच आवाजात. चित्रपट पाहिलेल्या कोट्यवधी लोकांना तो आवाज ओळखीचा झाला, गायकाचं नाव बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. २००२ मध्ये जे घडलं ते समजून घ्यायचं तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साठच्या दशकात इंग्लंड-आयर्लंडमध्ये जी मुलं आयात केलेल्या तबकड्या मिळवून बर्क यांना ऐकत होती, तीच पुढे मोठे गीतकार झाली.

१९६७ मध्ये अटलांटिकवर अरीथा फ्रँकलिन यांचा काळ सुरू झाला. ओटिस रेडिंग आणि विल्सन पिकेट आधीपासून होतेच. बर्क १९६८ मध्ये बाहेर पडले. सत्तरच्या दशकात अनेक छोट्या-मोठ्या कंपन्या बदलल्या, हाती फारसं लागलं नाही. त्या दशकाच्या अखेरीस ते सॅव्हॉय कंपनीसाठी गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचे, अल्बम करू लागले. १९८५ मध्ये राउंडर कंपनीने 'सोल अलाइव्ह!' हा मैफिलीचा अल्बम काढला. मला तो त्यांच्या अटलांटिकच्या कामाइतकाच मोलाचा वाटतो, कारण समोर श्रोते असताना हा माणूस काय करू शकतो याचा तो पुरावा आहे. पुढच्याच वर्षी पीटर गुराल्निक यांचं दक्षिणेतल्या सोल संगीतावरचं पुस्तक आलं. त्यात बर्क यांना मानाचं स्थान मिळालं आणि जाणकारांत त्यांचं नाव टिकून राहिलं. २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांचा समावेश केला.

हा समावेश झाला आणि वर्षभरात अल्बमची जुळवाजुळव सुरू झाली. अँटी या लॉस अँजलिसच्या कंपनीचे अँडी कॉल्किन यामागे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी टॉम वेट्स यांचा अल्बम काढून यश मिळवलं होतं. सोबतीला मिसिसिपीची फॅट पॉसम कंपनी होती. आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किंब्रो अशा गावाकडच्या वयस्क ब्लूज गायकांचं ध्वनिमुद्रण करणारी ही कंपनी. १९९४ साली निर्माते रिक रुबिन यांनी जॉनी कॅश यांना एक गिटार देऊन समोर बसवलं होतं आणि वय झालेला आवाज झाकायचा नसतो, तो पुढे आणायचा असतो, हे दाखवून दिलं होतं. त्या प्रयोगाची छाया या अल्बमवर नक्कीच आहे.

निर्माता म्हणून निवड झाली ती जो हेन्री यांची. ते स्वतः गीतकार-गायक, सोलच्या परंपरेतले नव्हेत. गाणी मागवली गेली ती बर्क यांचे ऋण मानणाऱ्यांकडून. व्हॅन मॉरिसन यांची दोन गाणी आली, एल्व्हिस कॉस्टेलो यांनी केट ओरिऑर्डन यांच्यासह लिहिलेलं एक आलं. निक लो, ब्रायन विल्सन, टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन यांनी गाणी दिली. बॉब डिलन यांच्याकडून 'स्टेपचाइल्ड' आलं. डिलन ते १९७८ च्या दौऱ्यात गायले होते, अल्बमवर मात्र त्यांनी कधी घेतलं नव्हतं. शीर्षकगीत डॅन पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. पेन म्हणजे 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'चे सहलेखक, दक्षिणी सोलच्या घडणीतलेच. एकेकाळी ज्या बर्क यांच्या गाण्यांवर इतरांनी नाव कमावलं, त्यांना आता ती पिढी आपली गाणी आणून देत होती. हे मला या अल्बममधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

ध्वनिमुद्रण चार दिवसांत उरकलं. वादक आणि गायक एकाच वेळी, एकमेकांना ऐकत वाजवत होते. जे बेलरोज यांचे ड्रम्स, डेव्हिड पिल्च यांचा बास, ख्रिस ब्रूस यांची गिटार. यांतलं कुणीच जुन्या सोलची नक्कल करत नाही. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्याचा म्हणजे ब्रास सेक्शनचा धडाका नाही, तंतुवाद्यांचा मुलामा नाही. मात्र ऑर्गनवर होते रुडी कोपलंड, बर्क यांच्या चर्चमधले दृष्टिहीन वादक. जो हेन्री यांच्या कामातला हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भोवतालची सगळी सजावट त्यांनी काढून घेतली, पण बर्क ज्यांच्यासोबत दर रविवारी गात होते तो ऑर्गन हलवला नाही. त्यामुळे नव्या गाण्यांत, अनोळखी वादकांमध्ये बसूनही बर्क आपल्याच घरात आहेत असं वाटतं.

शीर्षकगीत ऐका. माझ्याकडून चुका होतील, तरी माझ्यावरचा विश्वास सोडू नकोस, एवढाच त्याचा आशय. बर्क पहिल्या ओळी जवळजवळ बोलतात. आवाज हळूहळू चढतो, मध्येच पूर्ण सोडून देतात, आणि ज्या जागी दुसरा गायक तान घेऊन टाळ्या मिळवेल तिथे ते नुसता सुस्कारा टाकतात. कॉस्टेलो यांच्या 'द जजमेंट'मध्ये प्रेमभंगाचा खटला कोर्टात उभा राहतो. कागदावर ही कल्पना जरा ओढूनताणून आणलेली वाटते. बर्क ते प्रवचनासारखं गातात आणि खरं करून सोडतात. 'नन ऑफ अस आर फ्री' हे रे चार्ल्स यांनी आधी गायलेलं गाणं. इथे त्याला ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा या गॉस्पेल गटाची साथ आहे. एकही माणूस साखळदंडांत असेल तर आपल्यापैकी कुणीच मुक्त नाही, असं ते गाणं सांगतं. अल्बममधलं हेच एक गाणं उघडपणे सभेपुढे उभं राहून म्हटल्यासारखं आहे.

श्रोत्यांनी हे कसं घेतलं? दोन वाटांनी आलेले श्रोते होते. वेट्स, डिलन, कॉस्टेलो ही नावं पाहून तरुण मंडळी आली. त्यांच्यासाठी बर्क जवळपास नवे गायक होते, आणि या अल्बमवरून ती मागे अटलांटिकच्या काळापर्यंत गेली. दुसरीकडे सोलचे जुने चाहते. त्यांना आवाज तसाच दमदार राहिलेला पाहून भरून आलं, पण ब्रासचा ठसका आणि पायांना ठेका धरायला लावणारी लय इथे नाही, हेही त्यांना खटकलं. ही तक्रार मी उडवून लावणार नाही. अल्बमची चाल जवळपास सगळीकडे संथ आहे, आणि मैफिलीत लोकांना खुर्चीवरून उठवणारे बर्क इथे क्वचितच भेटतात. शिवाय एक प्रश्न उरतोच: सोलच्या राजाला दाद मिळवायला रॉकमधल्या गोऱ्या गीतकारांच्या नावांचा आधार का लागावा? उत्तर बाजारपेठेच्या स्वभावात आहे. ते सुखाचं नाही. पण ध्वनिमुद्रिका ऐकताना गीतकारांची नावं विसरायला होतात, इतकं या गाण्यांवर बर्क यांचं स्वामित्व आहे.

फेब्रुवारी २००३ मध्ये न्यूयॉर्कला ग्रॅमी मिळालं ते 'समकालीन ब्लूज अल्बम' या गटात. सोलचा अस्सल अल्बम ब्लूजच्या रकान्यात बसवला गेला. बर्क यांनी तो मनापासून स्वीकारला.

याचा परिणाम एका गायकापुरता राहिला नाही. जो हेन्री यांनी २००५ मध्ये बेटी लव्हेट यांचा अल्बम केला. चाळीसहून अधिक वर्षं गात असलेल्या या गायिकेला तेव्हा प्रथमच मोठा श्रोतृवर्ग मिळाला. अँटी कंपनीने २००७ पासून ज्येष्ठ गायिका मेव्हिस स्टेपल्स यांचे अल्बम काढायला सुरुवात केली. २००८ मध्ये सोल गायक अल ग्रीन यांनी क्वेस्टलव्ह यांच्यासोबत आणि २०१२ मध्ये बॉबी वोमॅक यांनी डेमन अल्बार्न यांच्यासोबत उतारवयातले अल्बम केले. प्रत्येकाची वाट वेगळी, पण अशा कामाला श्रोते आहेत हा भरवसा कंपन्यांना यायला २००२ चा हा अल्बम मोठं कारण ठरला, असं माझं मत आहे.

खुद्द बर्क पुढची आठ वर्षं अथक काम करत राहिले. २००५ मध्ये डॉन वॉज यांच्यासोबतचा अल्बम आला. २००६ चा 'नॅशव्हिल' बडी मिलर यांनी केला, त्यात डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिस साथीला आहेत. १९६१ मध्ये कंट्री गाणं गाऊन कारकीर्द घडवणारा गायक पंचेचाळीस वर्षांनी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात गेला, आणि तो अल्बम 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी'च्या खालोखाल ऐकावा असा आहे. वजन फार वाढलं होतं, चालणं अवघड झालं होतं, त्यामुळे सिंहासन आता नुसतं शोभेचं राहिलं नव्हतं. बसून गात, समोरच्या बायकांना लाल गुलाब वाटत, आणि त्यांच्या एकवीस मुलांपैकी कुणी ना कुणी मागे साथीला असे. १० ऑक्टोबर २०१० रोजी ॲमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळावर त्यांचं निधन झालं. डे डाइक या डच बँडसोबतच्या कार्यक्रमासाठी ते तिथे पोचले होते.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात या अल्बमपासून करायला हरकत नाही, मात्र लगेच 'सोल अलाइव्ह!' लावावा. २००२ मध्ये जो हेन्री यांनी काय काय बाजूला ठेवलं आणि काय जपलं, ते तो ऐकल्यावर कळतं.