गेमिंग लॅपटॉप घेता? आधी वॅट विचारा, मग भाव

सोयाबीन विकून झालं की दिवाळीच्या आसपास आमच्याकडे विदर्भात घरोघरी एक विषय निघतोच, पोराला लॅपटॉप पाहिजे. पोरगा यवतमाळला नाहीतर अमरावतीला शिकायला असतो, त्याला अभ्यास पण करायचा असतो आणि गेम पण खेळायचा असतो, आणि दोन्ही एकाच मशीनवर व्हावं ही मागणी काही चुकीची नाही. बापाच्या हातात सत्तर-ऐंशी हजार असतात, ते कसे आले ते घरात सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून तो पैसा नुसत्या स्टिकरवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणून हे सगळं नीट बसून लिहितो आहे.

दुकानात गेलं की तीन गोष्टी कानावर पडतात. आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड आहे, घेऊन टाका भाऊ. तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण ह्यातून मशीन गेममध्ये किती पळेल हे कळत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ते किती टिकून पळेल हे तर अजिबातच कळत नाही. ते कळायला एक वेगळा आकडा लागतो, वॅटचा, आणि तो बॉक्सवर सहसा ठळक लिहिलेला नसतो.

आता हे वॅटचं प्रकरण समजून घ्या, कारण सगळा खेळ इथंच आहे. लॅपटॉप जेवढी वीज खातो ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते, चिपमध्ये काही फिरत नाही, काही उचललं जात नाही, फक्त गणितं होतात आणि चिप तापते. गेम चालू असताना प्रोसेसर समजा ४५ वॅट घेतो आणि ग्राफिक्स चिप ९० वॅट, म्हणजे १३५ वॅट उष्णता त्या चपट्या डब्यातून सतत बाहेर फेकावी लागते. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० ह्या दोन्ही लॅपटॉप कार्डात मुळात एकच सिलिकॉनची चिप असते, आकार साधारण १५९ चौरस मिलिमीटर, म्हणजे दीड-पावणेदोन चौरस सेंटिमीटर. ४०५० मध्ये तिचे २५६० कोर, म्हणजे गणितं करणारे छोटे भाग, चालू ठेवलेले असतात, ४०६० मध्ये ३०७२. एवढ्याशा जागेतून ९० वॅट काढायचे आहेत.

आणि ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं लॅपटॉप बनवणाऱ्यांना मोकळीक दिलेली आहे, की हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठंही बसवा. नाव मात्र तेच राहतं. म्हणजे दोन लॅपटॉपवर ४०६० लिहिलेलं असेल, एकात ते ४५ वॅटवर अडकवलेलं आणि दुसऱ्यात १०० वर मोकळं, आणि भाव जवळपास सारखाच. कास्तकार माणूस मोटर घेताना नुसतं कंपनीचं नाव बघून कधी घेत नाही, तीन एचपी का पाच एचपी हे आधी विचारतो, तसंच इथं विचारायचं. ४५ वॅटच्या ४०६० पेक्षा ९०-१०० वॅटची ४०५० गेममध्ये पुढं जाऊ शकते आणि वर पैसेही वाचतात.

हा आकडा शोधायचा कुठं? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी किंवा मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून असतो. मशीन समोर चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडायचं, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन, तिथं वॅट लिहिलेले दिसतात. दुकानदाराला हे उघडून दाखवायला सांगायला लाजू नका, एक मिनिटाचं काम आहे.

मग जास्तीत जास्त वॅटचंच घ्यावं का, तर नाही, आणि इथं पैसे वाचतात. चिपला लागणारी पॉवर ही तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा म्हटलं की व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे पॉवर ३३ टक्क्यांनी वाढली. दहा टक्क्यांसाठी तेहतीस टक्के उष्णता! म्हणून ४५ वरून ८० वॅटवर गेलं तर फरक लय जाणवतो, ८० वरून १०० वर थोडा, आणि ४०५०-४०६० मध्ये १०० च्या पुढं फारसं काही हाती लागत नाही. बूस्ट धरून १४० वॅट लिहिलंय म्हणून कोणी पाच-दहा हजार जास्त मागत असेल तर ते देऊ नका.

आता आपला उन्हाळा. ह्याच्याबद्दल मराठीत तरी कोणी लिहिलेलं मला दिसत नाही, सगळे रिव्ह्यू एसीच्या खोलीत बसून केलेले असतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं पारा ४६-४७ वर जातो, यवतमाळ-अकोल्याची गत काही फार वेगळी नाही, घरात टिनाखाली ४२ सहज असते. उष्णता गरम वस्तूकडून थंड हवेकडं जाते आणि किती वेगानं जाते हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, न्यूटनचा थंड होण्याचा नियम शाळेत असतो तोच. चिपची मर्यादा ९५ अंश धरा. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७०, खोली ४२ वर असेल तर फरक ५३. म्हणजे तोच पंखा, उष्णता सोडणाऱ्या त्याच पट्ट्या, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद चोवीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि पोट्टे म्हणतात गेम अटकून राहिला. मशीन बिघडलेलं नसतं, त्याला उष्णता टाकायला जागा राहिलेली नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, विदर्भात राहणाऱ्यानं पातळ, देखण्या, वजनाला हलक्या गेमिंग लॅपटॉपच्या नादी लागू नये. जाड घ्या, दोन पंख्यांचं घ्या, मागून आणि बाजूनं हवा निघायला मोठ्या जाळ्या असलेलं घ्या. अडीच किलो वजन बसमध्ये जाणवतं खरं, पण मे महिन्यात तेच कामी येतं.

आतली रचनाही बघण्यासारखी आहे. चिपवरून तांब्याच्या चपट्या नळ्या पंख्याकडं जातात, ह्यांना हीट पाइप म्हणतात, हे नाव १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी दिलं. नळी भरीव तांब्याची नसते, आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते. दाब कमी म्हणून पाण्याची वाफ लवकर होते, वाफ गार टोकाकडं धावते, तिथं उष्णता सोडून परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून झिरपत चिपकडं परत येते. पंप नाही, काही नाही, वर्षानुवर्षं चालते. गार टोकाला पातळ पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांत जेमतेम एक-दीड मिलिमीटर जागा, आणि पंखा त्या फटींमधून हवा ढकलतो.

गडबड होते ती नेमकी ह्या फटींपाशी. पऱ्हाटीच्या हंगामात घरात कापूस साठवलेला असतो, शेजारी जिनिंग असलं तर बघायलाच नको. अशा घरातला लॅपटॉप उघडला की पंख्यावर फार धूळ दिसत नाही, पण पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये, आतल्या बाजूनं, करड्या रंगाची एक जाड पट्टी चिकटलेली असते, चिमट्यानं धरली तर अख्खी एका तुकड्यात निघून येते. तंतू आधी अडकतात, मग त्यांच्यावर धूळ बसत जाते. पंखा पूर्ण जोरात ओरडतो आणि बाहेर हवाच येत नाही. म्हणून घेतानाच बघा की खालचं झाकण साध्या स्क्रूनं उघडतं का, आणि वर्षातून एकदा, मार्चच्या सुरुवातीला, साफ करून घ्या. हे काम न करता आणखी महागडं मशीन घेण्यात काही अर्थ नाही.

कूलरचं पण सांगतो. मे महिन्यात हवा कोरडी असते, कूलर खोली झकास गार करतो आणि लॅपटॉपला त्याचा खरोखर फायदा होतो. पण कूलरच्या थेट तोंडासमोर मशीन ठेवू नका, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, बारीक थेंब उडून आत वाळले की पांढरा थर राहतो. जरा बाजूला टेबल ठेवा, मागची बाजू एखाद इंच उचला, गादीवर कधीच ठेवू नका, खालून हवा ओढायची जाळी बंद होते. आणि अगदी नवतप्यात गेमची फ्रेम मर्यादा सेकंदाला ६० चित्रांवर लावली, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ केली की बहुतेक मशीनमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो आणि तापमान चांगलं खाली येतं. फुकटात होतं.

आता बाकीच्या गोष्टी. ग्राफिक्सची मेमरी महत्त्वाची, कारण ती नंतर वाढवता येत नाही. जुन्या ३०५० ला ४ जीबी यायची, नंतर ६ ची पण आली, ४०५० ला ६, ४०६० ला ८, नवीन ५०५० ला पण ८. आज नवीन घेत असाल तर ४ जीबीवालं घेऊ नका, मोठ्या गेमचे चित्रांचे डेटा त्यात मावत नाहीत आणि मग मध्येच झटके बसतात. व्हॅलोरंटसारखा हलका गेमच खेळायचा असेल तर एवढी चिंता नाही, ३०५० पण पुरते, मग वरचे पैसे कॉलेजच्या फीला ठेवा.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नका. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली पिढी सांगतो, ७७३५ मध्ये ३ आहे म्हणजे झेन ३+, ७८४० मध्ये ४ आहे म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून दोन्ही सारखेच नवीन वाटतात, तसं नसतं. पण गेमसाठी ह्या बजेटमध्ये आय-फाइव्ह किंवा रायझन ५ चांगलं पुरतं, आय-सेव्हनवर घालायचे पैसे ग्राफिक्सवर घाला.

रॅम एकच १६ ची पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन असल्या तर मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो, काही गेममध्ये ते चांगलं जाणवतं. एक जागा रिकामी असेल तर नंतर टाकता येते, फक्त आधी भाव विचारा, रॅम मध्यंतरी बरीच महागली.

स्क्रीनमध्ये १९२० बाय १०८० पुरे. त्यात साधारण २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० मध्ये ३६.९ लाख, म्हणजे ग्राफिक्सवर पावणेदोन पट काम. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारी, घ्या, ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. आणि रंगाचा आकडा बघा, ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग फिके, १०० टक्के एसआरजीबी असेल तर चांगला पडदा.

पिंगचं, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचं, तेवढं समजून घ्या, कारण पुष्कळ पोरं लॅग घालवायला लॅपटॉप बदलतात. सर्व्हर मुंबईत असेल तर नागपूरहून सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास अंतर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, जाऊन येऊन ७ मिलिसेकंद कमीत कमी लागणारच. त्याच्यावर जे ८०-१०० दिसतं ते बहुतेक मोबाइल नेटवर्कचं असतं. गावात फायबर आलं असेल तर ते जोडा, तार लावून खेळा. दीड लाखाचं मशीनसुद्धा टॉवरची गर्दी कमी करू शकत नाही.

विजेच्या लाइनचं शेवटचं. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून लो व्होल्टेजला तो सहसा दबकत नाही, पण गेलेली लाइन परत येतानाचा झटका आणि मृगाच्या आधीच्या विजा घात करतात. ढग गडगडले की पिन काढा. बॅटरीवर गेम अर्ध्या ताकदीनंच चालतो, बॅटरीला तेवढे वॅट देता येत नाहीत, म्हणून मोठ्या बॅटरीसाठी गेमरनं जास्तीचे पैसे मोजू नयेत. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर तो १५०-१८० वॅट आरामात उचलतो.

आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर आपल्या गावाचा पिनकोड टाकून बघा, घरी येऊन दुरुस्ती मिळते का नागपूरला खेप करावी लागते. ती सोय नसेल तर दोन-तीन हजार स्वस्त मिळणारं मॉडेल सोडून द्या आणि सोय असलेलं घ्या.