लाल नको, पिवळा सूर्यास्त हवा

बडोदे आणि द्वारका जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे वर्षभरात केव्हाही, बडोद्यात सूर्य मावळला की साधारण १७ मिनिटांनी तो द्वारकेच्या समुद्रात बुडतो. ओखामंडळाचा हा किनारा पूर्वी गायकवाडांच्याच राज्यात होता, आणि बडोद्याची मराठी मंडळी दर्शनाला तिकडे जातातच. जाताना कॅमेरा आणि मोठी टेलिफोटो लेन्स जरूर घ्या. समोर मोकळा अरबी समुद्र आहे. मावळत्या सूर्याची क्षणभर दिसणारी हिरवी चमक टिपायला आणखी काय हवं?

क्षितिजाजवळ हवा सूर्यकिरणांना सुमारे अर्धा अंश वाकवते. लाल प्रकाश सर्वांत कमी वाकतो, निळा-जांभळा सर्वांत जास्त. म्हणून लाल बिंब आधी बुडतं आणि हिरवं किंचित मागे राहतं. त्याहीमागे राहणारा निळा-जांभळा प्रकाश बहुतेक वाटेतच विखुरलेला असतो. उरते एक हिरवी कड. ती सूर्यबिंबाच्या साधारण दोनशेव्या भागाएवढीच, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. पण पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उबदार असेल तर मृगजळ होतं, कड उभी ताणली जाते आणि सूर्याचा शेवटचा तुकडा एक-दोन सेकंद हिरवा होतो.

लाल-पिवळं पाहून थकलेल्या डोळ्यांचा हा भास, असं पुष्कळांना वाटे. १९५० च्या दशकात व्हॅटिकन वेधशाळेने चमकेचे रंगीत फोटो काढले आणि ती शंका फिटली.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण सूर्याच्या रंगाची. तांबडालाल गोळा फोटोत देखणा दिसतो, पण हवेत धूळ आणि धुरकं असल्याचं तो सांगतो. हिरवा प्रकाश तिथे पोहोचतच नाही. शेवटपर्यंत पिवळा आणि डोळे दिपवणारा सूर्य असेल तर चमकेची वाट पाहत थांबा.

४०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर सूर्य जेमतेम ४ मिलिमीटरचा पडतो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. फोकस हाताने क्षितिजावर लावा, व्हाइट बॅलन्स (फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता 'डेलाइट'वर ठेवा आणि एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) कमी करा. ते जास्त झालं तर हिरवा रंग धुऊन जातो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, स्क्रीनवरच पाहा. बिंबाची शेवटची फाक उरली की बर्स्ट, म्हणजे झपाट्याने सलग फोटो, सुरू करा. फाकेची दोन्ही टोकं आधी हिरवी होतात, मग हिरवा रंग मध्याकडे सरकतो.

नुसती कड मात्र बडोद्यातूनही मिळू शकते. पावसाळा सरल्यावर, हवा धुतलेली असताना, पश्चिमेला पादरा गावाच्या दिशेने मोकळं क्षितिज दिसेल अशी उंच गच्ची शोधा आणि बिंबाच्या वरच्या काठावर फोकस करा.