गोड्या पाण्यातील माशांचे समुद्रगमन

नदी-तलावांतील काही माशांनी आयुष्याचा एखादा टप्पा समुद्रात काढणे आणि इतरांनी, क्वचित एकाच मादीच्या पिलांपैकी काहींनी, जन्मभर गोड्या पाण्यातच राहणे, या भेदाचा विचार प्राणिशास्त्रात समुद्रगमन या विषयात केला जातो. मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स यांनी १९४९ मध्ये केलेली स्थलांतरांची विभागणी आजही सर्वसाधारणपणे मान्य आहे. नदीत जन्मून समुद्रात वाढणारे व अंडी घालण्यास नदीत परतणारे ते उद्गामी मासे होत. सॅमन हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. समुद्रात जन्मून नदीत वाढणारे ते अवगामी. अहीर (ईल) हा सापासारखा लांबट मासा त्यांपैकी आहे. अंडी घालण्याशी संबंध नसताना पिलावस्थेतच समुद्रात जाऊन परतणारे उभयगामी मानले जातात, तर केवळ नदीतल्या नदीत फिरणारे नदीगामी. दोन्ही पाण्यांत नियमित ये-जा करणाऱ्या जाती सुमारे २५० असून एकूण मत्स्यजातींच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

नाशिक जिल्ह्यात ‘चढणीचे मासे’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले, की मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात ते ओहोळांतून थेट भातखाचरांपर्यंत पोहोचतात, आणि बंधाऱ्यावरून पाण्याची पातळ चादर कोसळत असेल तेथे एकेक मासा उसळी घेऊन आपटतो, खाली वाहून जातो व पुन्हा त्याच जागी येतो. हे स्थलांतर खरेच आहे, पण त्याचा समुद्राशी संबंध नाही. खडशी म्हणजेच दख्खनचा महसीर (टोर खुद्री, वर्णन विल्यम साइक्स, १८३९) हा याच प्रकारचा नदीगामी मासा आहे. रोहू, कटला, मृगळ आणि खडशी ज्या कुळातले, त्या कार्प कुळातील बहुतेक जातींना समुद्राचे खारेपण सोसत नाही. त्यांच्या बाबतीत जावे की राहावे हा प्रश्न शरीरानेच निकालात काढलेला असतो.

याचे कारण शरीरातील क्षारांच्या तोलात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षारता साधारणपणे त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे नदीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. नदीत त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरते व क्षार बाहेर पडतात. मासा पाणी जवळजवळ पीत नाही, विरळ मूत्र भरपूर सोडतो आणि कल्ल्यांतून क्षार शोषून घेतो. समुद्रात सारे उलटे होते: मासा पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकतो. सॅमनच्या पिलात हा बदल समुद्राला लागण्यापूर्वीच, नदीत असतानाच घडतो. वाढीचे संप्रेरक, कॉर्टिसॉल व थायरॉक्सिन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते, कल्ल्यांतील क्षार हलवणारे सोडियम-पोटॅशियम पंप बळावतात, अंगावरचे काळपट उभे पट्टे झाकले जाऊन खवले चांदीसारखे होतात आणि प्रवाहाकडे तोंड करून आपली जागा राखणारे पिलू प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागते. या तयारीला शरीराची बरीच शक्ती खर्ची पडते.

अशा माशांचे मूळ घर कोणते, याविषयी दीर्घकाळ वाद आहे. सॅमन कुळापुरते पाहता, भारतातील माशांवरील कामामुळे आपल्याकडेही सुपरिचित असलेले फ्रान्सिस डे यांनी १८८७ मध्ये समुद्री उगमाचा पक्ष घेतला व १९११ मध्ये टेट रीगन यांनीही तोच मानला. चेर्नाविन यांनी १९३९ मध्ये मूळ पूर्वज गोड्या पाण्यातला असल्याचे प्रतिपादन केले. पहिल्या पक्षाचा भर या कुळाच्या समुद्रातील नातेवाइकांवर होता, दुसऱ्याचा अंडी नेहमी गोड्या पाण्यातच घातली जातात यावर. पुढे जनुकीय वंशवृक्षात या कुळाचे सर्वांत जवळचे नाते पाइक माशांच्या गोड्या पाण्यातील गटाशी असल्याचे दिसून आल्याने चेर्नाविन यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. या कुळाच्या पूर्वजात संपूर्ण जनुकसंच दुप्पट होण्याची घटना अंदाजे ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी घडली असावी आणि समुद्रगमन त्यानंतर पुष्कळ उशिरा, हवामान थंडावत गेल्यावर रुळले असावे, असे मानण्याकडे अलीकडचा कल आहे. अहिराच्या वंशाची गोष्ट नेमकी उलट आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचे पूर्वज खोल समुद्रातले होते. तो नदीत केवळ वाढण्यासाठी येतो आणि प्रजननासाठी मूळ घरी परततो.

या दोन उलट दिशांची सांगड घालणारा विचार मार्ट ग्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला: थंड प्रदेशात नदीपेक्षा समुद्रात अन्न अधिक, म्हणून तेथे उद्गामी मासे जास्त, उष्ण कटिबंधात नदी अधिक सकस, म्हणून तेथे अवगामी जास्त. जगाच्या नकाशावर ही मांडणी ढोबळमानाने जुळते. मात्र हिलसा (मराठीत पाला, आंध्रात पुलसा, टेन्युअलोसा इलिशा) हा उष्ण कटिबंधातला असूनही उद्गामी आहे, आणि त्याचा अपवाद किरकोळ म्हणता येत नाही. अन्नाबरोबरच अंड्यांची सुरक्षितता, पुराचे वेळापत्रक व शिकारी माशांचा धोका हेही हिशेबात घ्यावे लागतात.

एकाच जातीतील भेदाचा उलगडा मात्र बराच समाधानकारक झालेला आहे. रेनबो ट्राउट आणि समुद्रात जाऊन परतणारा स्टीलहेड ही एकच जात होय. समुद्रात गेलेला मासा झपाट्याने मोठा होतो, पण परतेपर्यंत जगण्याची शक्यता कमी असते. मादीच्या अंड्यांची संख्या शरीराच्या आकाराबरोबर वाढत असल्याने तिला हा धोका पत्करणे अधिक परवडते. लहान नर मात्र नदीतच राहून चोरून अंडी फलित करू शकतो, म्हणून जाणाऱ्यांत माद्या बहुधा अधिक आढळतात. या जातीच्या पाचव्या गुणसूत्रावरील एक मोठा उलटलेला भाग राहण्या-जाण्याशी निगडित असल्याचे दिसून आले असून त्याचा परिणाम नर व मादी यांत सारखा नसतो. तथापि केवळ जनुकांवर हा निर्णय ठरत नाही. ट्राउटांवरील प्रयोगांत अन्न कमी पडलेल्या पिलांपैकी अधिक पिले स्थलांतराकडे वळली. ज्याच्या शरीराची भूक नदी भागवू शकत नाही तो निघतो व ज्याची भागते तो राहतो, आणि ती सीमा प्रत्येकात अनुवंशाने थोडी वेगळी आखलेली असते, हे स्पष्टीकरण आज सर्वांत सयुक्तिक वाटते.

स्थानिक नावांमुळे येथे एक घोटाळा होतो. नाशिकच्या बाजारात वाम म्हणून मिळणारा नदीतला टोकदार तोंडाचा, पाठीवर काट्यांची रांग असलेला मासा (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) खऱ्या अहिराच्या कुळातला नाही व तो समुद्रात जात नाही. मुंबईच्या बाजारातली समुद्री वाम आणखी निराळी. खरा अहीर (अँग्विला बेंगालेन्सिस) साइक्स यांनी दख्खनमधून अँग्विला एल्फिन्स्टोनाय या नावाने वर्णिला होता. त्याची पिले समुद्रातून काचेसारखी पारदर्शक अवस्थेत नदीमुखाशी येतात आणि ओल्या खडकांना चिकटून वर चढतात. त्याच्या जन्मस्थानाबद्दल सुमात्राच्या पश्चिमेकडील खोल समुद्र सुचवण्यात आला आहे. अहीर कुळातील सगळेच मासे नदीत येतात असेही नाही: कानातील चुनखडीच्या कणांत वर्षांगणिक थर साचतात आणि त्यांतील स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून मासा कोणत्या पाण्यात होता ते कळते, अशा तपासणीत गोड्या पाण्याला कधीच न शिवलेले अहीरही १९९८ पर्यंत नोंदले गेले.

नाशिक जिल्हा या विषयाच्या दृष्टीने जलविभाजकावर बसलेला आहे. त्र्यंबकच्याच डोंगररांगांतून निघणारी वैतरणा अरबी समुद्राला लवकर मिळते, तर गोदावरीला बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १४६५ किलोमीटर वाहावे लागते. त्या वाटेवर गंगापूर, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, श्रीराम सागर आणि त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी दवळेश्वरमचा बंधारा (मूळ बंधारा आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केला, त्याची जागा पुढे नव्या बंधाऱ्याने घेतली) असे अडथळे आहेत. पुलसाची प्रसिद्ध पावसाळी मासेमारीही या शेवटच्या बंधाऱ्याच्या खालीच चालते. जिल्ह्याच्या उत्तरेकडची गिरणा तापीला मिळते. तापीवर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयात, समुद्राची वाट बंद झालेल्या हिलशाची वस्ती आढळली असून ती समुद्राचे तोंड न पाहता तेथेच वाढते.